भागूबाईच्या घरची मोरी

"माझ्या सुनेला फाशी देतील, साहेब. तिनं काय बी केलेलं नाय."

वाल्मिक घरतांच्या कर्जतच्या ओसरीवर म्हातारी येऊन बसली, ती हेच एक वाक्य घोळवत. घरत पूर्वी मुंबईच्या पोलिसखात्यात होते. वरिष्ठांशी खटका उडाला, तेव्हा नोकरीला रामराम ठोकून गावी आले आणि खासगी तपासाची कामं घेऊ लागले. त्यांचे मित्र कमाल मुकादम यांचं स्टेशनाजवळ सायकलींचं दुकान होतं. माणूस दिलदार, पण डोकं जरा सावकाश चालायचं. आज ते चहाला आले होते, आणि म्हातारीचं रडं ऐकून त्यांचा चहा तसाच निवत होता.

म्हातारीचं नाव भागूबाई. खालापूरच्या अंगाला तिचं घर. थोरला मालोजी आणि धाकटा धोंडी असे दोन मुलगे; मालोजीची बायको जना, धोंडीची सोनुबाई. आठवड्यापूर्वी मालोजी रात्रभर बरळला, हवेत हात मारत राहिला आणि उजाडता उजाडता गेला. तिसऱ्याला अस्थी वेचून झाल्या आणि त्याच दिवशी स्वयंपाकघराची तुंबलेली मोरी मोकळी करताना तिच्यातून विषारी धोतऱ्याची बोंडं निघाली. स्वयंपाक थोरल्या सुनेचा, मोरी तिचीच. फौजदारांनी जनाला उचलून नेलं.

"सोनुबाई स्वयंपाक करत नाही?" घरतांनी विचारलं.

"करते की. पन तवा ती बाहेरची झाली व्हती. पडवीत बसली व्हती. चुलीकडं जनीच एकटी."

"म्हातारे, खरं काय ते मी शोधीन. पण ते तुला गोड लागेलच असं नाही."

भागूबाई उठून उभी राहिली. मग म्हणाली, "लागू दे कडू. तुमी चला."

भाद्रपदाचं कुंद आभाळ खाली उतरलं होतं. भाताच्या खाचरांमधून बैलगाडी रडतखडत चालली होती. आधी ते खालापूरच्या चौकीवर उतरले. गजांआड बसलेली जना तिशीचीही नव्हती. कपाळ पांढरंफटक, डोळे रडून रडून कोरडे.

"त्या संध्याकाळी नवरा जेवला?" घरतांनी विचारलं.

"चार घास. तोंडाला कोरड पडली म्हनत शेतावरनं आले ते तांब्यावर तांब्या पाणी पीत बसले, तरी तहान भागंना. दिवा डोळ्यांत खुपतो म्हनून मला तो आडोशाला ठेवाया लावला. मंग पान वाढलं."

"बाकीचे काय जेवले?"

"तेच. भात नि वालाची आमटी. सगळ्यांनी खाल्लं."

"जेवणानंतर?"

"रोजच्यावानी राखेनं भांडी घासली, पेजेचं पाणी मोरीत वतलं. पाणी सुरळीत गेलं, साहेब. मोरी तुंबली व्हती हे मला तर ती खोलली तवाच कळलं." तिने दोन्ही हातांनी गज धरले. "दसऱ्यानंतर माझ्या भनीचा पोर दत्तक घ्यायचा व्हता आमी. त्याच्यासाठी झबलं शिवलं व्हतं. मी कशाला मारीन त्यांना?"

बाहेर आल्यावर कमाल हळूच म्हणाले, "पोरगी खोटं बोलत नाही वाटतं."

"वाटून भागत नाही, कमाल. फौजदारांनाही ती खोटी वाटलीच ना!"

भागूबाईच्या अंगणात धोंडीचा घोडा बांधलेला होता. धोंडी माथेरानला पाहुण्यांना घोड्यावरून फिरवायचा. पावसाळ्यात तिथली हॉटेलं बंद, म्हणून तो घरी. पोलीस पाटलांना निरोप गेला होता, तेही येऊन बसले होते. शेजारच्या येसूबाईने पत्रावळींवर भात आणून ठेवला होता. दहावा होईपर्यंत चूल पेटवायची नाही, ही त्यांच्या भावकीची रीत. आंघोळीपांघोळी, हात धुणं, सगळं परसातल्या विहिरीवर चाललं होतं.

मोरी पाहायला आत जाताना कमाल उंबऱ्याशी अडखळले. आपण मुसलमान, परक्याच्या चुलीपर्यंत कसं जायचं?

"या आत," भागूबाई म्हणाली. "आता बाटायचं काय राहिलंय या घरात?"

स्वयंपाकघर अंधारं आणि गार होतं. चुलीत जुनी राख. कोपऱ्यात मोरी, आणि तिचं तोंड भिंतीतून परसातल्या अळवाकडे निघालेलं. घरतांनी बाह्या सारल्या, जमिनीवर चक्क पालथे झाले आणि बांबूची कामटी आत घातली. कामटी बाहेर आली ती राखेच्या काळ्या चिखलाने माखून. त्यावर वाळलेल्या पेजेचे पापुद्रे, दोनचार चिंचोके.

"कमाल, मागं जा. पाणी ओततो, कसं येतं ते सांग."

तांब्याभर पाणी गेलं. "आलं! धो धो आलं!" परसातून हाक आली.

मोरी मोकळी करणाऱ्या गजा गवंड्यालाही बोलावलं होतं. तो दारात उभा राहून सांगू लागला, "धोंडीनं मला बोलावलं नि घागर वतून दाखवली. पाणी वर आलं. मी आतनं काठी घातली, तर आतल्या तोंडाशीच बोंडं. ती पाटलांना बोलावून त्यांच्यासमोरच काढली. पुढं काठी जाईना, म्हनून परसातनं हात घातला. पेंढ्याचा बोळा व्हता. वढला तसा सुटला."

"बोळा कुठाय?"

"थितंच टाकला, वळचणीखाली."

घरतांनी बोळा उचलून उकलला. पेंढा भिजला होता, पण पिवळाच होता. मग पाटलांनी फडक्यात बांधून ठेवलेली बोंडं पाहिली. वाळायला लागली होती, तरी काटे मोकळे आणि स्वच्छ. घरतांनी ती नाकाशी नेली आणि परत दिली.

पडवीत सोनुबाई पदराआड बसली होती. नवऱ्याकडे पाहत पाहत तिने सांगितलं, "मी चुलीकडं फिरकलेच नाय. हितं बसल्या जागंवरनं दिसलं तेवढंच. आमचे ताडीचा लोटा घेऊन थोरल्यांकडं शेतावर गेले व्हते. दोघं संगंच परत आले. थोरले उंबऱ्याला ठेचाळले. मला वाटलं, लई चढली. आमचे सरळ चालत व्हते."

"ताडी पिनं काय गुन्हा हाय?" धोंडी चिडून म्हणाला.

"नाही रे बाबा," घरत म्हणाले. "मोरी तुंबली हे तुला कसं कळलं, तेवढं सांग."

"वास मारत व्हता. पाणी तुंबून भाईर आलं व्हतं."

"घागर ओतण्याआधी?"

"आधीच! म्हनून तर गजाला बोलावला."

घरतांनी मान डोलावली आणि सगळ्यांना ओसरीवर बसवलं. भागूबाई खांबाला टेकली होती.

"पाटील, हा धोतरा मालोजीच्या पोटात जेवणातून गेला नाही," त्यांनी सुरुवात केली. "धोतऱ्याने तोंडाला कोरड पडते, डोळ्यांना उजेड सोसत नाही, माणूस झोकांड्या खातो. हे सगळं त्याला पान वाढण्याआधीच होत होतं. शिवाय भात-आमटी सगळ्यांनी खाल्ली, तडफडला तो एकटाच."

"पण मोरीतली बोंडं?" पाटलांनी विचारलं.

"जनाने ती त्या संध्याकाळी टाकली असती, तर त्यानंतर तिने राखेनं भांडी घासली, पेज ओतली. त्या घाणीने बोंडं लडबडली असती. मोरीची भिंत तशीच माखलेली आहे. बोंडांच्या काट्यात मात्र राखेचा कण नाही. बोळ्याचंही तेच. जुना असता तर काळा पडून आंबला असता. बोळा आणि बोंडं, दोन्ही मोरीत गेली ती चूल विझल्यानंतर. बाहेरून बोळा कोंबला, आतून बोंडं टाकली."

"मग चूल विझल्यावर जनानेच टाकली असतील," कमाल म्हणाले.

"आणि स्वतःच्याच गळ्यात फास अडकवण्यासाठी मोरी तुंबवून ठेवली? मोरी तुंबली नसती तर ती कुणी उघडलीच नसती, कमाल. ज्याला ती उघडून हवी होती, त्याने ती तुंबवली." घरत धोंडीकडे वळले. "पाणी तुंबून बाहेर आलं म्हणालास. कोणतं पाणी रे?"

धोंडीने मोरीच्या दिशेने पाहिलं.

"तुझ्या भावाला पोचवलं तेव्हापासून या घरात चूल नाही. जेवण येतं पत्रावळीवर. खरकटं भांडं नाही, पेज नाही, हात धुवायचे ते विहिरीवर. तीन दिवस त्या मोरीत थेंब पडला नव्हता. कोरडी मोरी तुंबते कशी? जन्मात कधी ताट विसळलं असतंस, तर ही चूक केली नसतीस. ताडी तूच आणलीस. तो झोकांड्या खात आला, तू सरळ चालत आलास, कारण तुझ्या घोटात धोतरा नव्हता."

"पण सख्खा भाऊ!" कमालांच्या तोंडून निघालं.

"दसऱ्यानंतर दत्तक आला असता, तर जमिनीत वाटेकरी झाला असता. आणि भाऊ गेला तरी विधवा दत्तक घेऊ शकते. म्हणून तिलाही वाटेतून काढायचं होतं."

सोनुबाईने तोंडात पदर कोंबला. धोंडी उठला, घोड्याकडे पाहिलं आणि परत बसला.

"बापाची जमीन," तो म्हणाला. "निम्मी परक्या पोराच्या घशात जानार व्हती. मी साहेबांचे घोडे हाकत मरायचं, नि तो पोर हितं मालक?" मग त्याची नजर आईवर गेली. "आये, यांना तू आनलंस?"

"व्हय," भागूबाई म्हणाली. "मीच."

पाटलांनी त्याला दंडाला धरून नेलं. जनाला उद्या सोडवून आणतो, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. म्हातारीने नुसती मान हलवली.

कमालांना हुंदका आवरेना. ते बैल जुंपायला म्हणून निघून गेले. घरत तिच्याजवळ बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मोरी कोरडी होती हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. या घरात जन्म गेलाय तुझा."

"त्यानं गजाला हाक मारली, तवाच माझं काळीज फाटलं."

"मग पाटलांना तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"आईच्या तोंडानं कसं सांगू, साहेब? ह्या तोंडानं त्याला अंगाई म्हनलीय." तिने डोळे पुसले नाहीत. "चार रोज बोललेच नाय. म्हनलं, एक गेला, दुसरा तरी राहू दे. पन ती पोर गजांआडनं मला 'आये' म्हनून हाका मारत व्हती. ती बी कुनाची तरी लेकच हाय. म्हनून तुमच्याकडं आले. मला बोलवत नव्हतं, ते तुमी बोललात."

एवढं बोलून ती खांबाला कपाळ लावून मोठ्याने रडू लागली. कोणत्या लेकासाठी, ते विचारायची घरतांची छाती झाली नाही.