खालच्या तोंडाचा पाइप

अय्यूब मिस्त्री दारात येऊन उभा राहिला तेव्हा खल्फानने त्याला आधी ओळखलंच नाही. तीस वर्षं ज्याचे हात ग्रीसने काळेच पाहिले होते, त्याचे हात आज स्वच्छ होते. एकवीस दिवस त्याने पान्याला हात लावला नव्हता.

"बस, अबू हिलाल," झुवैनाने त्याला तिथल्या रीतीने थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारली आणि कहव्याचा पेला तिने त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो उचलला नाही.

झुवैना ही खल्फानची धाकटी बहीण. वीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या, जळलेल्या, बुडालेल्या गाड्या तपासता तपासता तिने इतके खोटारडे पाहिले होते, की नोकरी सुटल्यावर लोक अडलं-नडलं घेऊन आपण होऊन तिच्याकडे यायला लागले. खल्फान शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. तो तिची गाडी चालवायचा आणि वर न मागता सल्ले द्यायचा. सल्ल्यांपेक्षा तिला त्याचं गाडी चालवणं बरं वाटे.

"उम्म सालिम, मला एकच सांगा," अय्यूबनेही झुवैनाला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारली. "हमदान माझ्या पाइपमुळे मेला का?"

हमदानचं सगळ्यांनाच माहीत होतं. हैल गावचा सव्वीस वर्षांचा पोरगा. डोंगरात पाऊस पडला, वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या पात्राला, लोंढा आला, त्यात तो गाडीसकट वाहून गेला. अय्यूबने बसवलेल्या पाइपने पाणी ओढलं आणि गाडी भर प्रवाहात बंद पडली, असं गाव म्हणत होतं. मशिदीत अय्यूबच्या शेजारची जागा आता रिकामी राहायची.

"तुला सुटका हवीय का?" झुवैनाने विचारलं.

"नाही. खरं हवंय. मी मारलं असेल तर तसं सांगा, गॅरेज कायमचं बंद करतो. पण हे अधांतरी लटकणं आता सोसवत नाही."

"पाइपचं नीट सांग. खल्फानला समजेल असं सांग."

खल्फानने तिच्याकडे रागाने पाहिलं, पण कान टवकारले.

"इंजिनाला हवा कुठून द्यायची, त्याचे तीन रस्ते," अय्यूब म्हणाला. "एक आखूड पाइप. फिल्टर वर बोनेटखालीच राहतो. हवा गरम मिळते, ताकद बेताची, पण पाण्याची फारशी भीती नाही. दुसरा काचेच्या कडेने टपापर्यंत चढणारा. तो सगळ्यात सुरक्षित. पण हमदान म्हणाला, काका, तो लावून मी पाण्याचा टँकरवाला दिसेन. तिसरा लांब, खालच्या तोंडाचा. फिल्टर बंपरमागे. तिथली हवा गार, गाडी वाऱ्यासारखी पळते. पण मांडीभर पाण्यात घातली की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टनचा दांडा वाकतो, इंजिन जागीच मरतं."

"आणि तू तोच लावलास."

"तीन वेळा नाही म्हणालो. चौथ्यांदा लावला." अय्यूबने मान खाली घातली. "त्याला बजावलं. त्याच्या थोरल्या भावाला, सुलय्यमला फोन करून बजावलं, की पोरावर लक्ष ठेव."

"नंतर इंजिन उघडून पाहिलंस?"

"गाडीजवळ जायची हिंमत झाली नाही."

झुवैनाने डोक्यावरचा रुमाल आवरून घेतला आणि खल्फानला किल्लीची खूण केली.

गाडी पोलीस चौकीच्या मागे पडली होती, चिखलाने भरलेली. चौकीवरचा हवालदार झुवैनाला ओळखत होता. त्याने हात हलवून परवानगी दिली.

"आत काय दिसतं ते सांग," ती म्हणाली आणि तिने स्वतः बोनेटमध्ये डोकं घातलं.

खल्फानने नाक दाबून आत पाहिलं. "चिखल. गियरचा दांडा पार्किंगवर. किल्ली नाही, वाहून गेली असणार. पुढच्या काचेवरची उन्हाची झापडं खाली केलेली, दोन्ही. बिचाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येत असेल. झापडांमागे काहीतरी चंदेरी चिंध्या अडकल्यात."

"दोन्ही झापडं?"

"दोन्ही."

तिने इंजिनाचे सहाही प्लग काढले. खल्फानला पुढच्या पुलीवर लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हळूहळू फिरवायला लावलं. दोन भोकांतून गढूळ पाणी उडालं.

"बघ," खल्फान धापा टाकत म्हणाला. "पाणी प्यायलंय. संपलं की तपास."

"फिरव तू."

प्रत्येक भोकात तिने एक बारीक तार उभी सोडली. पिस्टन वर येऊन थांबला की तारेवर नखाएवढी खूण करायची आणि पुढच्या भोकाकडे जायचं. शेवटी तारेवर सहा खुणा व्हायला हव्या होत्या. खल्फानला एकच दिसली.

"पाच विसरलीस," तो म्हणाला.

"सहाही केल्यात. एकावर एक आल्यात."

यात समाधान वाटण्यासारखं काय आहे, ते खल्फानला कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतंही.

तिथून ते बद्रच्या दुकानात गेले. हा हमदानचा जिवलग; गाड्यांचं सामान विकायचा आणि तो पाइप त्यानेच आणून दिला होता. दोन गिऱ्हाइकं हाकलून त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

"मीच त्याच्या डोक्यात भरवलं," तो म्हणाला. "गार हवा, गार हवा. अय्यूबकाका बिचारे आखूड घे म्हणून ओरडत होते. त्यांना बोल लावणारे सगळे गाढव आहेत, आणि मी त्यांच्यातला मोठा."

"त्या दिवशी तो तुझ्याकडेच येत होता?"

"यायचं ठरलं होतं. पण दुपारच्या नमाजानंतर फोन आला, की आज जमत नाही. का ते सांगेना. आवाज घुश्श्यातला. मला वाटलं, माझ्यावरच चिडलाय." त्याने तोंड फिरवलं. "मीही चिडून फोन ठेवला. शेवटचा फोन होता तो."

सुलय्यम भेटला त्याच्या घराच्या बैठकीत. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण बसला होता आजाऱ्यासारखा. आतून त्याच्या आईचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मधूनच अय्यूबचं नाव, आणि त्याला लागून शाप.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?" झुवैनाने विचारलं.

"पाहिलं. मी पलीकडच्या काठावर खजुरीच्या बागेत होतो. असरच्या नमाजाची वेळ, ऊन कललेलं. तो गावातून निघाला, शहराकडे. बद्रकडे चालला होता. इंजिनाचा आवाज अख्ख्या वादीत घुमत होता, एवढ्या जोरात आला. मधोमध आला आणि खाडकन बंद."

"आकाश कसं होतं?"

"इथे लख्ख ऊन. ढग डोंगरावर."

"त्याच्या खिशातलं काय मिळालं?"

"खिशाला चेन होती, म्हणून सगळं राहिलं. फोन, पाकीट, अत्तराची बाटली." सुलय्यमने डोळे मिटले. "त्या अय्यूबला मी माफ करणार नाही, बाई."

परतताना खल्फान म्हणाला, "मिस्त्रीला काय सांगणार आहेस? जरा सांभाळून सांग."

"उद्या त्याच्या गॅरेजमध्ये सांगीन. सुलय्यमलाही बोलावलंय."

"दोघांना एका छपराखाली? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन आठवड्यांचं बंद गॅरेज उघडलं तेव्हा आतून शिळ्या तेलाचा वास आला. अय्यूब बाकावर बसला. सुलय्यम दाराशीच उभा राहिला. त्याने सलामही केला नाही.

झुवैनाने तार टेबलावर ठेवली. "अबू हिलाल, सहाही पिस्टन एकाच उंचीला येतात."

अय्यूबने तार उचलली. खुणेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"म्हणजे काय?" खल्फानने न राहवून विचारलं.

"दांडा वाकला की तो पिस्टन पूर्ण वर येत नाही, तोकडा पडतो," झुवैना म्हणाली. "जोरात पळणाऱ्या इंजिनाने पाणी ओढलं, तर एक तरी दांडा वाकायलाच हवा. इथे एकही वाकलेला नाही."

"पण पाणी निघालं होतं. माझ्या अंगावर उडालं."

"बुडालेल्या गाडीत ते कुठूनही शिरतं, खल्फान. प्रश्न एवढाच, की पाणी आलं तेव्हा इंजिन फिरत होतं का. नव्हतं. पाणी आलं तेव्हा गाडी बंद होती."

"आता झापडं. असरची वेळ, गावाकडून शहराकडे. म्हणजे कुठल्या दिशेला, भूगोलाचे मास्तर?"

खल्फानचा चेहरा उतरला. "पूर्वेला. ऊन पाठीमागे होतं."

"आणि शेजारच्या रिकाम्या सीटचं झापड कुणासाठी पाडलं होतं? आपण गाडी उन्हात लावली की काचेला चंदेरी पत्रा लावतो आणि दोन्ही झापडांनी दाबून धरतो. त्याच्याच चिंध्या तू पाहिल्यास. पत्रा लावून कुणी गाडी चालवत नाही. गाडी वादीच्या पात्रात उभी होती. गियर पार्किंगवर होता, आणि तसा असल्याशिवाय त्या गाडीची किल्ली निघत नाही. किल्ली काढलेली होती. हमदानने काढली असती तर चेनच्या खिशात मिळाली असती. कारण फोन मिळाला, पाकीट मिळालं, बाटलीसुद्धा मिळाली."

ती सुलय्यमकडे वळली. आवाज मात्र तिने चढवला नाही.

"बद्रला तो म्हणाला, आज जमत नाही. घुश्श्यात होता. किल्ली कुणीतरी काढून घेतली होती. आणि बंद असलेल्या इंजिनाचा आवाज एकट्या तुम्ही ऐकलात."

सुलय्यमने खिशात हात घातला आणि पुढे येऊन किल्ली टेबलावर ठेवली.

"दुपारी डोंगरावर ढग दिसले," तो म्हणाला. "तो वादी ओलांडायला निघाला होता. मी पात्रातच अडवलं. खूप बोललो. किल्ली हिसकून घेतली आणि बागेत गेलो. वाटलं, चिडेल, पायी घरी जाईल. तो रुसून गाडीतच राहिला. पत्रा लावून झोपला. लोंढ्याचा आवाज आला तेव्हा मी धावलो. तो बाजूच्या काचेआड उठून बसलेला दिसला. स्टिअरिंगखाली हात घालून किल्ली शोधत होता. झोपेच्या भरात विसरला असेल, की ती माझ्याकडे आहे."

खल्फानने किल्लीवरून नजर काढून बाहेर रस्त्याकडे पाहिलं.

"आईला हे सांगता आलं नाही," सुलय्यम म्हणाला. "गाव आपणहून पाइप पाइप म्हणायला लागलं. मी हो म्हणालो."

"अबू हिलाल," झुवैना म्हणाली, "तुझ्या पाइपने त्याला मारलं नाही. तू सुटलास."

"सुटला?" सुलय्यमने पहिल्यांदाच अय्यूबकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसता थकवा होता. "अय्यूबभाई, तुम्ही फोनवर काय म्हणाला होतात? लक्ष ठेव, एवढंच? तुम्ही म्हणालात, डोंगरावर ढग दिसला की सरळ किल्ली काढून घे. मी तेच केलं."

अय्यूबच्या हातातली तार खाली पडली.

हे झुवैनालाही माहीत नव्हतं. खल्फानने तिच्याकडे पाहिलं. त्याला तिची दया आली.

"म्हणालो होतो," अय्यूब अखेर म्हणाला. "त्याचं भलं व्हावं म्हणून म्हणालो होतो."

"मीही त्यासाठीच घेतली."

अय्यूब उठला. नळाशी जाऊन त्याने तोंडावर पाणी मारलं, बाहीने पुसलं. "आई घरी आहे?"

"आहे. रोज तुम्हाला शाप देते."

"देऊ दे. चल. किल्लीचं तू सांग, फोनचं मी सांगतो. एकट्याने सांगण्यासारखं नाही हे."

खल्फान गाडीकडे निघाला, तसं झुवैनाने त्याला मनगटाला धरून थांबवलं. अय्यूब आणि सुलय्यम चालत गावाकडे निघाले. घर दिसायला लागलं तसा सुलय्यम रस्त्यातच थांबला. अय्यूबने मागे फिरून त्याचा हात हातात घेतला आणि तसाच धरून त्याला आईच्या दारापर्यंत नेलं.