पलीकडून ओढलेला पट्टा

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, नीलाच्या बाबतीत घडलेली आहे. नीला अमेरिकेत, ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत संशोधन करते. दोनदा तपासल्याशिवाय ती साधं विधानही करत नाही. तिने जसं सांगितलं, तसंच लिहितेय.

२००६ सालचा नोव्हेंबर. शनिवार.

रात्र नव्हती... दुपार कलत होती.

नीला आणि तिचा नवरा शार्दूल यांनी त्या वर्षी एक जुनी आरव्ही घेतली होती. आत पलंग, शेगडी, बेसिन असलेली, बसएवढी गाडी. उन्हाळाभर ते तिच्यातून हिंडले. बरोबर शार्दूलचे वडील, त्र्यंबकराव; नीलाही त्यांना बाबाच म्हणते. नागपूरहून आलेले. घरात त्यांचा जीव रमला नाही, पण गाडीत रमला. हृदयाचं दुखणं होतं, म्हणून त्यांच्या गोळ्या कायम नीलाच्या पर्समध्ये असत.

मिशिगनच्या हिवाळ्यात अशी गाडी चालवता येत नाही. नळांतलं पाणी काढायचं, बॅटरी सोडवायची, वरपासून खालपर्यंत जाड कापडाचं कव्हर घालायचं आणि थेट वसंतात उघडायचं. त्यासाठी गावाबाहेरच्या एका मैदानात त्यांनी जागा भाड्याने घेतली होती.

तिथे रांगाच रांगा होत्या. गाड्या, बोटी, सगळं करड्या कापडात गुंडाळलेलं.

माणूस एकही नव्हता.

शार्दूल मागच्या शिडीने टपावर चढला आणि कव्हरची गुंडाळी उलगडायला लागला.

"घराला चाकं लावली, अन् आता गोधडी पांघरून राहिले," बाबा खालून म्हणाले. मग गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले. दार त्या बाजूला होतं.

त्यानंतर त्यांचा आवाज आला नाही. नीलाला त्यात वावगं वाटलं नाही. बाबांना नागपूरला परत जायचं होतं, आणि शार्दूल त्यांना हिवाळा इथेच काढा म्हणत होता. सकाळी त्यावरून वाजलंच होतं. रुसले की बाबा गप्पच होत.

दोन्ही अंगांनी कापड खाली आलं. थेट जमिनीपर्यंत.

आणि हिम भुरभुरायला लागलं.

शार्दूल खाली उतरला. फाटकापाशी ऑफिस होतं, ते बंद व्हायच्या आत तिथे चावी द्यायची होती. "तू आणि बाबा स्ट्रॅप्स लावून घ्या, मी आलोच," म्हणत तो गेला.

काम सोपं होतं. कव्हरला या बाजूने लांब पट्टे होते. पट्टा गाडीच्या पोटाखालून पलीकडे सरकवायचा. पलीकडच्या माणसाने तो ओढून बकलमध्ये अडकवायचा. एकट्याने करायचं तर दर वेळी गाडीला वळसा.

नीला गुडघ्यावर बसली. "बाबा, ओढा हं," म्हणाली आणि पट्टा आत सरकवला.

क्षणभर काही नाही.

मग पट्टा सरसर पलीकडे गेला... आणि बकल वाजलं. टक्.

तिने दुसरा सरकवला.

टक्.

वाऱ्याने कापड फडफडत होतं. त्यापलीकडे कसलाच आवाज नव्हता. बाबांना दोन दिवस खोकला होता. दुपारभर ते खोकत होते. आता नव्हते खोकत... हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला बरंच वाटलं.

पुढच्या पट्ट्याला तिने फक्त हात लावला, तोच तो ओढला गेला. जोरात. तळहात भाजल्यासारखा झाला.

"हळू हो बाबा, हाताला लागलं."

तिने खिशातला हातमोजा काढला.

शेवटचा पट्टा तिने सरकवलाच नव्हता. मनगटाला गुंडाळून ती हातमोजा घालत होती.

तो ओढला गेला. मनगटासकट.

तिचा खांदा गाडीखाली गेला. ती ओरडली, तेव्हा पट्टा सैल पडला, सुटला... आणि अगदी सावकाश पलीकडे गेला.

टक्.

शार्दूल आला. "बाबा कुठेत?"

"पलीकडे."

शार्दूल गाडीच्या तोंडाशी गेला आणि पलीकडे डोकावला. "नाहीयेत."

दोघांनी हाका मारल्या. रागाने चालत निघाले असतील, असं आधी वाटलं. मग शार्दूल म्हणाला, "आत तर नाही ना राहिले?"

"कसे राहतील? बकल्स त्यांनीच लावली ना," नीला म्हणाली.

हे वाक्य ती अजून विसरलेली नाही.

दोघं दोन दिशांना गेले. अंधारून येत होतं. थंडी हाडात शिरत होती, आणि गोळ्या नीलाच्या पर्समध्ये होत्या. रांगांमधून ती धावत होती. प्रत्येक गाडीचं कापड वाऱ्याने आत जायचं, बाहेर यायचं... श्वास घेतल्यासारखं. मैदानाच्या टोकाला तळं होतं. तिथपर्यंत ती गेली. काठावर काही नव्हतं.

परत येताना ती आपल्या गाडीच्या पलीकडच्या बाजूने आली.

आणि थांबली.

जमिनीवर हिमाचा पातळ थर होता. गुळगुळीत. सपाट.

अलीकडच्या बाजूला तिच्या गुडघ्यांच्या खुणा होत्या, बुटांच्या खुणा होत्या. इथे एकही ठसा नव्हता. कापडाच्या कडेखाली सगळी बकल्स घट्ट लागलेली होती, आणि त्यांच्यापुढचं हिम कोणी पायाने मोडलेलंच नव्हतं.

म्हणजे इथे कोणी उभंच नव्हतं.

म्हणजे बाबा...

"शार्दूल," तिने हाक मारली. "आत आहेत. बाबा आत आहेत."

बकल्स निघेनात. माणसाच्या हाताने इतकी आवळता येत नाहीत, असं शार्दूल नंतर म्हणाला. शेवटी त्याने चाकूने पट्टे कापले. कापड वर लोटलं, दार उघडलं.

आत गडद अंधार होता. बर्फाच्या पेटीसारखा गारठा.

बाबा सोफ्यावर बसले होते. मांडीवर त्यांची कापसाची उशी. तीच आणायला ते आत गेले होते. हात गारठलेले, ओठ निळसर. पण चेहरा शांत.

नीलाने जिभेखाली गोळी ठेवली. शार्दूल त्यांचे हात चोळत होता.

"फार उशीर केलात रे," बाबा अखेर म्हणाले. "दार उघडेना, तेव्हा घाबरलो होतो. पण मी थाप मारली की बाहेरून लगेच थाप यायची. म्हटलं, नीलाला माहीत आहे. मग बसलो स्वस्थ."

नीलाने शार्दूलकडे पाहिलं.

तिने एकही थाप ऐकली नव्हती. दिली तर नव्हतीच.

त्या रात्री हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता येत नव्हतं. आणि हेही सांगितलं की, आत घाबरून धडपड केली असती तर त्याच्याही आधी...

तेव्हापासून नीला एकाच प्रश्नावर अडली आहे. ज्याने त्यांना आत बांधून घातलं आणि ज्याने त्यांना धीर दिला, तो एकच होता का? की दोघं होते?

गाडी त्यांनी वसंतात विकली. आधीच्या मालकाची चौकशी केली. काही विशेष निघालं नाही.

बाबा डिसेंबरातच नागपूरला परतले. आता तब्येत बरी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात, सून बाहेरून सारखी थाप देत होती, म्हणून मी निभावलो. नीलाने त्यांना खरं सांगितलेलं नाही. त्यांचं हृदय तो धक्का सोसेल की नाही, याची तिला खात्री नाही.

गेल्या आठवड्यात फोनवर पुन्हा तोच विषय निघाला. बाबा हसत म्हणाले, "एक मात्र विचारायचं राहिलंच बघ. शेवटी शेवटी तर मी हात उचलला की थाप मारायच्या आधीच तुझी थाप यायची. एवढ्या जाड कापडातून, अंधारात... तुला माझा हात कसा गं दिसायचा?"

नीलाने विषय बदलला. मग फोन ठेवून तिने मला फोन केला.

मीसुद्धा विज्ञानच शिकलेय. तिला एवढंच म्हटलं, तू सांगितलंस तसंच लिहून ठेवते.