बिराप्पाच्या दुकानाचं चित्र

चित्रकलेच्या तासाला गंगाधर मास्तरांनी चाळीस वर्षं पोरांना एकच सांगितलं: शाईची रेघ पुसता येत नाही, तेव्हा तीनदा बघा, मग ओढा. निवृत्तीनंतर ते मिरजेतली तंबोरे करणाऱ्यांची गल्ली रुंदीकरणात पडायच्या आत शाईनं काढत होते. रोज सकाळी, एकेक दुकान. बिराप्पाच्या दुकानाला आठ दिवस लागले. आढ्याला टांगलेले सात भोपळे, दारात लाकडी पाट. पाट तेवढा रिकामा राहिला. बिराप्पा एका जागी बसेल तर ना!

दुकानं पडली. बाकीच्यांना नव्या इमारतीत गाळे मिळाले. बिराप्पाला मात्र कागद आला की मोजणीत तिथं मोकळी जमीन आहे.

"मास्तर, माजा आजा तितंच तारा लावत गेला," बिराप्पा म्हणाला. "आन् ह्ये म्हनत्यात, दुकानच न्हवतं."

मास्तरांचं डोकं फिरलं. चित्र घेऊन ते सुनावणीला गेले. त्या कागदावर सही करणारे वीरधवल नावाचे अधिकारी, चष्मा कपाळावर चढवलेला, चित्राकडे न बघताच म्हणाले, "तिथं दुकान नव्हतंच." मग टेबलावरचं व्हाइटनर उघडून त्यांनी हसत हसत दुकानावर पांढरं फासलं. "आता दिसतंय का?"

पोरांवर कधी आवाज न चढवलेल्या मास्तरांनी आवाज चढवला.

"तिसरीतलं पोरसुद्धा बघून मग रेघ ओढतं. तुम्ही न बघता सही केलीत."

घरी आणून चित्र भिंतीला टेकवलं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्यातून एक भोपळा वर आला. संध्याकाळपर्यंत तीन. शाई ओली होती, बोटाला लागली. चौथ्या दिवशी दुकान पुरतं उमटलं, पाटासकट.

पाटावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

ही रेघ मास्तरांनी ओढलेली नव्हती.

ते तडक कार्यालयात गेले. वीरधवलांच्या टेबलावर धूळ साचलेली. धुळा नावाचा शिपाई, ज्यानं सुनावणीत साहेबांपुढं चहा ठेवला होता, तो गोंधळून बघत राहिला.

"कोन वीरधवल? आवं, तसं कुनी हितं न्हवतंच."

बिराप्पाच्या गाळ्याचा कागद मात्र त्यानं काढून दिला. मंजूर. खाली सही होती, अजून ओली.

मास्तर घरी आले. चित्रासमोर बसून त्यांनी तीनदा बघितलं.

पाट पुन्हा रिकामा होता. कपाळावर चष्मा चढवलेला माणूस उठून अगदी पुढं आला होता, दोन्ही तळवे आतून कागदाला टेकवून.