मधल्या दोन वायरी

किफ्लोमच्या जुन्या फियाटला प्लगच्या नव्या वायरी बसवायच्या होत्या. उद्या त्याच्या बहिणीची नात नवरी होऊन याच गाडीतून अस्माराचा घाट उतरणार होती.

"गॅरेजवाला नको," अब्रेहेतताई म्हणाली होती. "माझ्या भावाच्या गाडीला त्याच्या दोस्ताचाच हात लागू दे."

मी एक जुनी वायर काढायचो, तिथे नवी लावायचो, मगच पुढची. अशाने चूक होत नाही. ताई अंगणात शेगडीवर कॉफीचे दाणे भाजत होती.

चौथी वायर बसली. किल्ली फिरवली. इंजिन शिंकलं, आचके देत बंद पडलं.

"पुस्तकं वाचून गाड्या सुरू होतात होय, मास्तर?" ताईने शेगडीपाशूनच विचारलं.

बॉनेट उघडलं. दुसरी वायर तिसऱ्या प्लगवर होती, तिसरी दुसऱ्यावर.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी याच दोन वायरींची अदलाबदल मी मुद्दाम केली होती. किफ्लोम दुसऱ्या दिवशी याच गाडीतून वडीलधाऱ्यांना घेऊन घाटाखालच्या नेफासित गावी मुलगी मागायला निघणार होता. ती मलाही आवडायची. बोलायचं धैर्य मात्र नव्हतं. त्याला थोडा उशीर व्हावा, इतकंच मनात होतं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. गाडी सुरू होईना, म्हणून तो एकटाच एका मालट्रकमध्ये चढून पुढे गेला. ट्रक दरीत कोसळला.

वायरी सरळ केल्या. खुणेला पांढरा दोरा बांधला. दुसरीला दोन गाठी, तिसरीला तीन.

पुन्हा आचके.

पुन्हा बॉनेट. दोन गाठींची वायर तिसऱ्या प्लगवर.

दाण्यांचा आवाज थांबला होता.

"त्या सकाळी अशीच शिंकत होती," ताई म्हणाली. "आदल्या दिवशी तू हात लावला होतास का रे हिला?"

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता.

"नाही, ताई."

तिच्या नजरेला नजर द्यावी लागू नये, म्हणून नुसती किल्ली फिरवली. वायरी तशाच उलट्या होत्या.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. एकसारखं, गोड.

"आहे की अजून हात चांगला," ताई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "चालू राहू दे जरा. ऐकते."

कॉफीच्या तीन वाट्या झाल्याशिवाय उठायचं नसतं. मी तिन्ही प्यायलो. अर्धा तास ती ऐकत राहिली.

मग मी बॉनेट उघडलं. दोन गाठी तिसऱ्या प्लगवरच होत्या.

चालत्या इंजिनवर तळहात ठेवला.

थंडगार होतं.