दारफळणीच्या दिवशीची गाडी

बोईसर स्टेशनबाहेर तारापूरची एस.टी. उभी होती. तिच्यात एकच जागा रिकामी होती — खिडकीशी बसलेल्या मुलीच्या शेजारची. एझ्रा नवगावकरनं विचारलं, "बसू का?" तिनं मांडीवरचा शाळेच्या वह्यांचा गठ्ठा सावरला आणि जरा सरकली.

१९६६चा जानेवारी होता. अणुवीज केंद्राच्या बांधकामाकडं सिमेंटच्या लॉऱ्या चालल्या होत्या आणि त्यांची धूळ थेट बसमध्ये येत होती. एझ्राला खोकला थांबेना.

"रुमाल लावा नाकाला," ती म्हणाली. "नव्या माणसाचा पहिला आठवडा खोकण्यातच जातो इथं."

तो मुंबईच्या एका दैनिकात वार्ताहर होता. तारापूरचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, दौद यांच्या जन्मशताब्दीसाठी त्यांचं चरित्र लिहायचं काम त्यानं घेतलं होतं. बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, तिथं फार घरं नव्हती, पण दौदांना आजूबाजूचे सगळेच ओळखत. तुम्हाला काही ठाऊक आहे का, असं त्यानं सहज विचारलं. तिनं सांगितलं की ते तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत आणि मुलांना खारका देत — मात्र आधी प्रार्थनेची एक ओळ म्हणून घेत. त्यानं वही काढून टिपून घेतलं.

"आपलं नाव?"

"कशाला?"

"सांगणाऱ्याचं नाव लागतं."

"लिहा... बसमधली एक बाई."

तारापुरात उतरल्यावर पत्ता विचारत तो दौदांच्या घरी पोचला. दार उघडलं ते तिनंच. त्यानं क्षणभर तिच्याकडं पाहिलं, मग उंबऱ्यातच वही काढून मघाची ओळ खोडली.

"तुम्ही नात निघालात. हे पक्षपाती धरावं लागेल."

"खारका खऱ्या होत्या," मिल्का म्हणाली आणि हसू दाबत पाणी आणायला आत गेली.

त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. तिचे वडील रहमीन रेल्वेत गार्ड होते. मोतीबिंदूमुळं त्यांनी नोकरी लवकर सोडली होती. पुस्तक त्यांचंच होतं — छपाईचा खर्च ते करणार होते, आणि त्यांच्या संमतीशिवाय एक पान छापलं जाणार नव्हतं. पहिल्याच मसुद्यावर खटका उडाला. दौदांना रब्बी ही पदवी कोणी दिली याचा कागद सापडेना, म्हणून एझ्रानं लिहिलं होतं, 'रब्बी' म्हणून ओळखले जाणारे.

"माझ्या बापाला अवतरणचिन्हांत कोंडू नकोस," रहमीन म्हणाले.

चिन्हं गेली. 'ओळखले जाणारे' राहिलं.

खरी अडचण पुढं आली. १९१९ सालच्या दारफळणीच्या सणाची. त्या दिवशी बेने इस्राएल पांढरे कपडे घालून, घराची दारं लावून, उपाशीपोटी प्रार्थनेत बसतात. चांदण्या दिसेपर्यंत बाहेरच्यांशी बोलणंसुद्धा नाही. त्या सकाळी अडलेली एक बाळंतीण दौदांच्या दारात आणली गेली होती. दौदांनी दार न उघडता आतून प्रार्थना केली आणि ती सुटली, असं रहमीन सांगत. आख्ख्या घराचा तो अभिमान होता.

ती बाळंतीण अजून जिवंत होती. मिल्काच एझ्राला तिच्या पाड्यावर घेऊन गेली. सोमीनं त्यांना अंगणात बसवलं आणि सरळ सांगून टाकलं.

"दार उघडलान त्यानं. पांढरी कापडा होती अंगावं. तोंडातून शबूद नाय. बैल जुंपलं न् मला गाडीत घातलान. पालघरला गेलू आमी. माजा चिंतू तितंच झाला."

एझ्रा दुसऱ्याच दिवशी पालघरच्या दवाखान्यात गेला. जुन्या नोंदवहीत चार ऑक्टोबरची तारीख होती, सोमीचं नाव होतं आणि 'तारापूरच्या दौद तेल्याची गाडी' एवढं होतं. तारीख दारफळणीचीच होती. गाडी कोणी हाकली ते लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मिल्का त्याला किल्ल्यापलीकडं समुद्रावर घेऊन गेली. ओहोटी लागली होती. ओल्या वाळूत तिच्या चपला रुतत होत्या. तिनं त्या हातात घेतल्या. मग म्हणाली की आजीनं मरणाआधी तिला सांगितलं होतं... आजोबा गेले होते. सणाच्या दिवशी बैल जुंपल्याबद्दल पुढं दर वर्षी ते एक उपास जास्तीचा करत.

"पण माझं नाव घालू नका. बाबांना ते सोसायचं नाही."

"निनावी मी छापत नाही, मिल्का."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे," तो म्हणाला. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते आणि तो ते बघत राहिला होता. "फार आहे. तीच तर अडचण आहे."

ती परत वळली. पुढचे दोन रविवार तो आला नाही.

तिसऱ्या रविवारी तो मुद्रितं घेऊन आला. रहमीनना वाचता येत नव्हतं, म्हणून नेहमीसारखं मिल्कानं मोठ्यानं वाचायला घेतलं. एझ्रा समोर खुर्चीच्या कडेवर बसला होता. दारफळणीचं पान आलं. घरची हकीकत — रहमीन दौद यांच्या सांगण्यावरून. दुसरी हकीकत — सोमी, स्वतः बाळंतीण. मग नोंदवही. कोणती खरी, यावर एक शब्द नव्हता.

मिल्का थांबली. हातातला कागद तिनं गुडघ्यावर ठेवला.

"इथं आणखी एक यायला हवं, बाबा. आजीनं मला सांगितलं होतं. दार उघडलं होतं आजोबांनी. माझ्या नावानं घाला म्हणावं."

रहमीननी तोंड दाराकडं वळवलं. मग हळूच म्हणाले, "मी आठ वर्षांचा होतो. आत चादरीखाली पडलो होतो... चाकं ऐकली मी. सण मोडला म्हणून लोक बोलतील, या भीतीनं आई बोलू द्यायची नाही. पुढं सवयच झाली." त्यांनी डोळे पुसले. "माझी पहिली हकीकतही राहू दे. मी इतकी वर्षं काय सांगितलं, तेही कळू दे. पुढं वाच."

पुढं फक्त लेखकाचं निवेदन होतं. मिल्का वाचू लागली. "या कामाच्या काळात लेखकाच्या मनात चरित्रनायकांच्या नातीविषयी..."

ती अडखळली.

"वाच ना."

"...नातीविषयी ओढ उत्पन्न झाली आहे. वाचकांनी हे ध्यानात घेऊन मजकूर पारखावा."

एझ्रा छताकडं बघत होता. रहमीननी चाचपडत काठी शोधली.

"हे सांगितलं कोणी?"

"मीच," एझ्रा म्हणाला.

"आणि दुसऱ्या बाजूला विचारलंस?"

"नाही... धीर झाला नाही."

"म्हणजे एकतर्फी मजकूर." रहमीन उठले. "मी ओसरीवर बसतो. विचारून घे."

काठीचा आवाज बाहेर गेला. मिल्कानं कागद त्याच्यापुढं सरकवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"ओढ?" ती म्हणाली. "एरवी तर नेमका शब्द मिळेपर्यंत लोकांचा जीव खाता."

त्यानं पेन्सिल घेतली. ओढ खोडलं. वर समासात बारीक अक्षरात प्रेम लिहिलं. दोनच अक्षरं होती, तीही वाकडी झाली. मिल्कानं वाकून ते वाचलं. तिचा कान लाल झाला होता.

"आता त्याखाली दुसरी बाजू लिहा."

"काय लिहू?"

"तिचंही म्हणणं तेच आहे."