ड्रॉइंग ७१८ कुणी मागवलं?

आम्रपाली दिघीतल्या एका लहानशा ऑफिसात आली आणि कुणी बस म्हणायच्या आतच खुर्चीत बसली.

"चाकणच्या कंपनीत मी सर्व्हर सांभाळते. ग्राहकाच्या एका पार्टचं ड्रॉइंग, नंबर ७१८, फुटलं, दुसऱ्या कारखान्याच्या हाती लागलं. ग्राहकाची नोंद सांगते, मंगळवारी दुपारी तीन दहाला आमच्याच सर्व्हरने ते उचललं. तेव्हा सर्व्हर रूममध्ये मी एकटी होते. आठ दिवस घरी बसवलंय मला."

खाजगी तपास करणाऱ्या कस्तुराने थकलेले डोळे चोळले. तिचा मदतनीस दादू, निवृत्त हवालदार, टिपून घेत होता.

"मोबाइल होता जवळ?" कस्तुराने विचारलं.

"नाही. आमचे गेटवर जमा होतात. फक्त मॅनेजर साहेबांना आत नेता येतो."

कंपनीच्या गेटवरच्या वहीत मंगळवारची तशी नोंद होती. सकाळी नऊला जमा, सहाला परत.

प्लँट मॅनेजर सिद्धेशने चहा मागवला. "मला कंप्युटरातलं काही कळत नाही. ग्राहकाच्या ऑर्डरी आमच्या साइटवर दिसतात, त्या मोबाइलवर बघतो, एवढंच. ७१८ जूनमध्ये आलं. नंबर फक्त मला आणि आम्रपालीला माहीत."

साइटचं ते पान बनवणारा सनी आता वाकडला नोकरीला होता.

"मी मार्चमध्येच सोडलं. ब्राउझर ग्राहकाच्या साइटवरचा मजकूर थेट आपल्या पानात आणू देत नव्हता. म्हणून आपल्या सर्व्हरवर प्रॉक्सी स्क्रिप्ट टाकली. तिला पत्ता द्यायचा, ती तिकडून आणून देते. घाईत कुठल्या पत्त्याला अटकाव घातला नाही. चाचणीची लिंक सिद्धेश सरांना पाठवली होती. शेवटचा नंबर बदलला की दुसरी फाइल येते, तेही दाखवलं."

"ताई, हाच पोरगा," परतताना दादू म्हणाला. "दार यानंच उघडं टाकलं."

गाड्यांच्या रांगेत कस्तुराने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिने स्क्रिप्टची नोंद काढायला लावली. मंगळवारी तीन दहाला एकच मागणी होती, एका मोबाइलवरून.

संध्याकाळी मालकांच्या केबिनमध्ये सगळे जमले.

"ग्राहक फाइल फक्त तुमच्या सर्व्हरला देतो," कस्तुरा म्हणाली. "म्हणून त्याला तुमचा सर्व्हर दिसला. स्क्रिप्टला कुणी सांगितलं, ते दिसलं नाही. सनीला लिंक माहीत होती, पण जूनमधला नंबर नाही. आम्रपालीला नंबर माहीत होता, पण तिचा मोबाइल गेटवर होता. लिंक, नंबर आणि मोबाइल, तिन्ही एकाच माणसाकडे होती."

दादूने सावकाश सिद्धेशकडे पाहिलं.

"बावीस वर्षं दिली इथं," सिद्धेश खाली बघत म्हणाला. "त्या दुसऱ्या कारखान्याने मोठ्या पदाचा शब्द दिला होता."

"सर्व्हर रूममध्ये ही एकटी आहे, हे माहीत होतं?" कस्तुराने विचारलं.

"होतं. वाटलं, हिला काय, कुठंही नोकरी लागेल."

मग मालक म्हणाले, "आम्रपाली, सोमवारपासून या."

"आधी लिहून द्या, सर. शेजारपाजारचे आईला विचारतात. तिला वाचून दाखवायचंय."

मालकांनी चार ओळी लिहून कागद पुढे केला. तिने वाचला आणि परत सरकवला.

"'गैरसमज झाला' नको. 'आरोप खोटा होता' असं लिहा."

मालकांनी ओळ खोडली आणि नवा कागद घेतला.