मुठीतली लाख

हणवंतला सीमेवरून रजा मिळाली नाही, म्हणून त्याच्या जागी आमच्या रावळ्यातली, म्हणजे घराण्याच्या वाड्यातली, तलवार बोहल्यावर चढणार होती. आम्हा मेवाडच्या राजपुतांना यात नवल नाही. मी जुन्या पात्यांच्या पोलादाचा अभ्यास करते. खरं सांगायचं तर भावाच्या लग्नापेक्षा मला त्या पात्याचं अप्रूप जास्त होतं. मुठीत दडलेल्या भागाला कधी घासणी लागलेली नसते. पोलादाचं मूळ पाणी, त्यातल्या लहरींची नक्षी, तिथंच दिसते.

"दुसरी तलवार ने," आत्या म्हणाली. "हिच्याशी थोरल्या काकीसांचं लग्न लागलंय. काका लढाईवरून आलेच नाहीत. त्या जन्मभर हिच्याच नावानं लाखेच्या बांगड्या ल्याल्या."

"म्हणजे नवरदेव बिजवर म्हणायचा."

"बिजवराची पहिली गेलेली असते, बाईसा. काकीसा मेल्या, पण हिला सोडून नाही गेल्या."

मी हसून शेगडी पेटवली. मूठ तापली, आतली लाख पाघळली आणि पातं अलगद बाहेर आलं. मुठीतल्या पोलादावर ओढ्याच्या पाण्यासारख्या लहरी होत्या. लाख मात्र लालभडक, तिच्यात आरशाचे बारीक तुकडे, आणि खोलीभर हळदीचा वास. कुणा कंजूष कारागिरानं बांगड्या वितळवून भरल्या असतील, असं म्हणत मी ती राखेत टाकली आणि बाजारची नवी लाख भरली.

लग्न लागलं. नवरीच्या, तेजलच्या ओढणीची गाठ मुठीला बांधली होती. फेरे झाल्यावर ती माझ्या कानाशी लागली.

"बाईसा, मूठ गरम लागतेय. ते सुखरूप येतील ना?"

"येईल गं. न येऊन सांगतो कुणाला?"

वरात परतल्यावर मी तलवार पुसायला घेतली. तेजलचं बोलणं आठवून मूठ पुन्हा तापवली, पातं काढलं, तर लहरी गेल्या होत्या. भाजी चिरायच्या सुरीसारखं सपाट, मुकं पातं. तेजाब लावून पाहिलं. काही उमटलं नाही. तेव्हापासून हणवंतच्या काळजीनं मला घास गोड लागेना.

दिवाळीला हणवंत आला. धडधाकट, हसतमुख. माझा जीव भांड्यात पडला.

तेजल ओवाळायला पुढं झाली. त्यानं तिचा बांगड्यांनी भरलेला हात धरला, उलटसुलट करून पाहिला. त्याचं हसू मावळलं.

"उमेद," तो म्हणाला.

आत्याच्या हातातला तांब्या निसटला. "काकीसांचं नाव याला कुणी सांगितलं?"

मलाही ते ठाऊक नव्हतं.

"उमेद, माझ्या नावाच्या बांगड्या कुठं गेल्या?"